दोन बोटं जास्त

बसमधून उतरता उतरता तिने कोटाची कॉलर सारखी करायला हात नेला आणि अंगठ्याला काहीतरी टोचलं. फार नाही, मुंगी चावावी एवढंच. पण ती पायरीवरच थबकली. कॉलर उलटून पाहिली, तर आतल्या अंगाला, कापडात दोनदा खोचून बसवलेली सुई होती, आणि सुईत ओवलेला पिवळा रेशमी दोरा कॉलरच्या पोटाशी नीट गुंडाळून ठेवलेला होता. "बाई, उतरताय ना? घोडे काही तुमच्यासाठी थांबायचे नाहीत," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळी बस हसली. तीही हसली. अंगठा तोंडात धरून, दुसऱ्या हातातली पुठ्ठ्याची पेटी छातीशी घेऊन ती खाली उतरली. कोट बाबांचा होता. चार महिने खुंटीवर होता. सकाळी तिने तो झटकला, बाह्यांना दोन दोन घड्या घातल्या आणि अंगावर चढवला. हळवेपणाने नव्हे. वारा होता, आणि शर्यतीच्या दिवशी वजनखोलीच्या दारावरचा पहारेकरी माणसापेक्षा कोट आधी ओळखतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

सुईचं खरं तर नवल वाटायला नको होतं. बाबा शर्यतीचे सदरे शिवायचे. जॉकी अंगात घालतात ते, घोड्याच्या मालकाच्या रंगाचे, हातात घेतले तर पाकळीइतके हलके. एरवीचे सदरे वर्षभर, चार दुकानांत, कुणीही शिवायचं. पण वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या शर्यतीचे काही सदरे अजून बाबांकडेच यायचे, आणि त्यांची एक रीत होती. सदरा मैदानावर न्यायचा तो गळ्याचं बटण न लावता. ते शेवटचं बटण शर्यतीच्या आधी, वजनखोलीत, जॉकीच्या अंगावरच टाकायचं. तेवढा वेळ जॉकीने त्याच दोऱ्याचा एक तुकडा दातांत धरायचा आणि खोलीतल्या कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही. असं का, याच्या तीन-चार गोष्टी सांगितल्या जात, सगळ्या एकमेकींच्या उलट. बाबांना विचारलं तर म्हणायचे, "कारण विचारू नये, दोरा ओवावा." आणि दोरा ओवायचा तोही आदल्या वर्षी. शर्यत संपवून घरी आले, की बूट काढायच्या आधी ते पुढच्या वर्षीच्या बटणाचा दोरा मोजायचे, नाकाच्या शेंड्यापासून ताणलेल्या हाताच्या बोटांपर्यंत, आणि वर चार बोटं, आणि सुईत ओवून कोटाच्या कॉलरमध्ये खोचून ठेवायचे. लहानपणी तिने एकदा विचारलं होतं, एवढ्याशा बटणाला एवढा लांब दोरा कशाला? "बटणाला वीतभर पुरतो," ते म्हणाले होते. "बाकीचा आपला, काय सांगावं म्हणून." म्हणजे हा दोरा गेल्या वर्षीच्या शर्यतीच्या संध्याकाळचा होता. ती बाजूच्या खुर्चीत बसून पाय चोळत होती, आणि त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून, जीभ ओठांत धरून, पहिल्या फटक्यात सुई ओवली होती. तेव्हा त्यांचा हात ठीक होता. तिने ते स्वतःशी दोनदा म्हटलं, तेव्हा हात ठीक होता, आणि चालू लागली.

रस्ता माणसांनी भरला होता आणि माणसं टोप्यांनी. या एका दिवशी शहरातल्या लोकांना वेड लागायची मुभा असते. बँकेतला रोखपाल डोक्यावर मोराचं पीस लावून चाललेला असतो आणि त्याला कुणी हसत नाही. हसलंच तर कौतुकाने हसतं. दोन म्हाताऱ्या बहिणी एकसारख्या जांभळ्या टोप्या घालून, एकमेकींचा हात धरून चालल्या होत्या, आणि वाऱ्याची झुळूक आली की दोघी एकदमच आपापल्या टोपीवर हात ठेवायच्या, नाच बसवल्यासारख्या. एका माणसाने आपल्या पुढ्यातल्या बाईच्या टोपीकडे बघून बायकोला म्हटलं, "बघ, त्या टोपीत अख्खी बाग आहे, आपल्या घरात एक कुंडी नाही." बायको म्हणाली, "पाणी कोण घालणार? तुम्ही?" दूरवर बँड वाजायला लागला होता. पितळी वाद्यांचा आवाज आधी पोटाला कळतो, मग कानाला. तिच्या पोटात ती जुनी, लहानपणची घाई उठली, आणि त्या घाईच्या पाठोपाठ, लाजेसारखं काहीतरी. सकाळी आत्या दारात उभी राहून म्हणाली होती, "चार महिने झालेत भावाला जाऊन. एवढ्यात शर्यत?" ती म्हणाली, "सदरा पोचवायचाय, आत्या." "पोचवायचाय तर पोचव आणि ये. ती टोपी कशाला?" टोपी साधीच होती, राखी रंगाची, एक पिवळी फीत लावलेली. तिने फीत नीट केली. मग आत्याच पुढे आली, टोपी किंचित तिरकी केली आणि म्हणाली, "घालायचीच तर नीट घाल. शिंप्याची पोर आहेस."

खरं सांगायचं तर तिला मजा येत होती. दुःखात माणसाने कसं वागावं यावर तिने पुष्कळ वाचलं होतं. वाचणं हाच तिचा धंदा. छापखान्यात ती मुद्रितं तपासायची, दिवसाला चाळीस पानं, लाल शाईने. पण बँडचा आवाज ऐकून पाय आपोआप ठेका धरायला लागले तर काय करावं, हे कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. तिने पायांना धरू दिला. हातातल्या पेटीत बाबांचा शेवटचा सदरा होता. पिवळा, छातीवरून कमरेकडे एक तिरका राखी पट्टा. मालकीणबाईंचा रंग. मालकीणबाई म्हणजे करड्या घोडीची मालकीण, सत्तरी ओलांडलेली, बोटांत एकही अंगठी नसलेली बाई. बाबा तिचे सदरे तीस वर्षं शिवत होते. पंधरवड्यापूर्वी क्लबातून निरोप आला होता. जॉकींच्या कपड्यांची व्यवस्था बघणारा म्हातारा, ज्याला सगळे मामा म्हणत, स्वतः दुकानावर आला होता. दाराशीच उभा राहून त्याने टोपी काढली आणि म्हणाला, "ताई, राग मानू नकोस. वर लोक म्हणतायत की मास्तर गेले, आता बटणाचं नाटक बंद करावं. सदरे कारखान्यातून तयार येतात हल्ली, चेन लावलेले. मी म्हटलं, या वर्षी मुलगी करेल. पुढचं पुढे बघू. करशील ना?" तिने "करेन" म्हटलं. मामा म्हणाला, "नीट होऊ दे म्हणजे झालं. एखादा टाका जरी इकडचा तिकडे झाला ना, की हेच लोक म्हणतील, बघा, सांगितलं होतं." असं होतं सगळं. एक बटण. पण बटणाची तिला भीती नव्हती. बटण लावायला ती सहाव्या वर्षी शिकली होती.

भीती नव्हे, पण एक बोच होती, आणि ती बाहीची होती. बाबा गेले त्यानंतर आठवड्याने तिने दुकान उघडलं, तेव्हा हा सदरा पांढऱ्या चादरीखाली टांगलेला होता. पुरा झालेला. काज झालेलं, कॉलर बसलेली, मनगटपट्ट्या लागलेल्या. तिने तो उतरवला, टेबलावर पसरला, दोन्ही बाह्या एकमेकींवर ठेवल्या, सवयीने, जसं ती पानाच्या दोन्ही कडा जुळवते, आणि उजवी बाही डावीपेक्षा दोन बोटं जास्त निघाली. शेवटच्या महिन्यांत बाबांच्या चुका ती मनातल्या मनात मोजत आली होती. कुणाला न सांगता. चहात मीठ. तिला आत्याच्या नावाने हाक. मशीनचं झाकण न काढता पायडल मारत बसणं. आणि तो एक दिवस, जेव्हा ते दुपारी खिशात टेप घालून निघून गेले आणि अंधार पडायला आला तरी परतले नाहीत, आणि ती शोधत शोधत गेली तर चौथ्या बसथांब्यावर बाकावर बसलेले सापडले, कुठली बस घ्यायची ते विसरून. तिने तेव्हा त्यांना भर रस्त्यात रागावलं होतं. "कुठे गेला होता? आज दुकान बंद आहे, बाबा. कुणाचं माप घ्यायला गेला होता?" ते शांतपणे म्हणाले होते, "एकाचा हात बदललाय. बघून यायला हवं होतं." माणसाचा हात काय बदलतो? तिने त्यांचा दंड धरून त्यांना बसमध्ये चढवलं होतं, आणि मनातल्या यादीत आणखी एक ओळ लिहिली होती. ती बाही त्या यादीतली शेवटची ओळ होती. आयुष्यभर एका सुताने न चुकलेला माणूस, आणि जाता जाता दोन बोटं. हे मैदानावर, पाच हजार माणसांपुढे कुणाला दिसू द्यायचं नव्हतं. तिने उजवी मनगटपट्टी उसवली, जास्तीचं कापड आत सरकवलं, पट्टी पुन्हा लावली. कापलं मात्र नाही. कात्री हातात घेतली होती, पण बाबांचा धाक असा की त्यांच्या माघारीही हात पुढे जाईना. "कापायचं कधीच नाही," ते म्हणायचे. "आत माया ठेवायची. कापलेलं परत येत नाही." इस्त्री केल्यावर दोन्ही बाह्या तंतोतंत जुळल्या. तिला बरं वाटलं. तेवढं एक तरी तिने झाकलं.

मैदानाच्या फाटकापाशी लोक दोन्ही बाजूंना सरकून उभे होते, कारण गेल्या वर्षीचा विजेता येत होता. हीही रीत. जिंकलेल्या घोड्याला वर्षाने परत आणायचं, खोगीर चढवायचं, पण त्यावर कुणी बसायचं नाही. रिकाम्या खोगिरानिशी त्याने सगळ्यांच्या आधी आत जायचं. घोडा वयाने फार नव्हता, पण आज आपल्याला पळायचं नाही हे त्याला कळलेलं असावं. तो जावयासारखा चालला होता. पुरुषांनी टोप्या काढल्या. मग नालबंदांची रांग, प्रत्येकाच्या कमरेला कातड्याचा अंगरखा आणि खांद्यावर नुसता हातोडा. मग माळी, ज्यांनी पहाटेपासून धावपट्टीवरचं गवत पायांनी दाबलं होतं, हिरव्या पडलेल्या बुटांनी. मग चषक, दोन पांढऱ्या हातमोज्यांत. पितळी वाद्यं आता इतकी जवळ आली होती की बँडवाल्याचा गाल फुगलेला दिसत होता. बाबा तिला इथे खांद्यावर घेऊन उभे राहायचे. सगळे घोडे बघायचे, ती टोप्या बघायची, आणि बाबा सदरे. त्यांनी उभ्या आयुष्यात एकही शर्यत पाहिली असेल असं तिला वाटत नव्हतं. मग आत, कठड्यापाशी, घोडे समोरून वादळासारखे जायचे आणि बाबा म्हणायचे, "निळा काखेत ओढतोय," किंवा "तांबड्याची कॉलर उठली, बघ." घरी आल्यावर आईने विचारलं, कोण जिंकलं, तर म्हणायचे, "आपला तिसरा आला." आई म्हणायची, "घोडा की सदरा?" बाबा म्हणायचे, "घोडं कुणाचं का असेना."

दारावरच्या पहारेकऱ्याने कोटाकडे पाहिलं, मग वर चेहऱ्याकडे, आणि काही न विचारता दार उघडलं. वजनखोली लांबट होती, भिंतींना बाक, खुंट्यांवर रंगीबेरंगी सदरे, एका टोकाला तराजू, आणि हवेत साबण, कातडं आणि तेलाचा वास. घड्याळाप्रमाणे शर्यतीला वीस मिनिटं होती. "आल्या, आल्या, मास्तरीणबाई आल्या," कुणीतरी ओरडलं. मालकीणबाईंचा जॉकी बाकावर बसून बूट चढवत होता. त्याला सगळे टाचणी म्हणत. अंगाने बारीक आणि डोक्याने गोल, त्यामुळे दुसरं काही म्हणणं शक्यच नव्हतं. तो उठला, तिच्यापुढे मान लववली आणि म्हणाला, "तुमचे बाबा मला अकरा वर्षं टोचत होते. एकदाही सुई लागली नाही. तुम्ही नव्या, म्हणून आधीच सांगतो, मी रडतो हं." मामा म्हणाला, "गप रे. दोरा धर तोंडात, म्हणजे सगळ्यांची सुटका होईल." तिने पेटी उघडली. पिवळा रंग खोलीत सांडल्यासारखा झाला; दोघा-तिघांनी मान वळवून पाहिलं. टाचणीने सदरा अंगात घातला, खांदे हलवून बसवला, मग घोड्यावर बसल्यासारखा पुढे वाकला आणि लगाम धरल्यासारखे दोन्ही हात पुढे केले. डावी मनगटपट्टी मनगटावर बसली. उजवी मागे सरकली, आणि त्याचं उघडं मनगट बाहेर आलं, चांगलं दोन बोटं.

टाचणी हळूच, चेष्टा न करता म्हणाला, "ही उजवी... मास्तरांनी नीट घेतली होती मापं." "कधी?" तिने विचारलं. "दवाखान्यात की. पडलो ना मी मागच्या हंगामात. डावा खांदा निखळला, दंड दोन ठिकाणी मोडला. हाड जुळलं, पण हात आखूड झाला. हे बघा." त्याने दोन्ही हात तिच्यापुढे धरले, एकमेकांना चिकटवून, पोरं कुणाचा हात मोठा ते बघतात तसे. डावा हात दोन बोटं मागे होता. "मला भेटायला कुणी येत नव्हतं हो. मास्तर आले, टेप घेऊन. म्हणाले, हात बदललाय तुझा, आता जुनी मापं फेकून द्यायची. मी म्हटलं, मास्तर, मी परत बसेन की नाही घोड्यावर याचाच पत्ता नाही. ते म्हणाले, तो तुझा धंदा, माझा धंदा बाहीचा." तो जरा हसला. "दोनदा मोजलं. जाताना बस कुठली ते मात्र मला विचारून गेले."

खोली होती तिथेच होती, तराजूचा काटा हलत होता, कुणीतरी बुटाला ब्रश मारत होतं. आणि त्याच वेळी ती बसथांब्यावर उभी होती, त्यांचा दंड धरून. एकाचा हात बदललाय. इतकं सरळ वाक्य. वीस वर्षं ती दुसऱ्यांची वाक्यं तपासत होती, आणि हे एक तिने पुरं वाचलंही नव्हतं. दोन बाह्या जुळत नव्हत्या तर दोन्हींत चुकीची कुठली, हे न विचारता तिने बरोबर होती तीच सुधारली होती. बस विसरले होते हे खरं. मीठ, झाकण, हाक, सगळं खरं. पण बाही नव्हती त्यात. बाही त्या यादीत कधीच नव्हती. घड्याळात सतरा मिनिटं होती. मामाचा चेहरा पडला होता. त्याने दाराकडे पाहिलं, जणू वरचे लोक दाराबाहेरच कान लावून बसले आहेत. "ताई, राहू दे," तो कुजबुजला. "हात थोडा उघडा राहील. कुणाला दिसणार आहे?" ती म्हणाली, "बाबांना दिसला असता." आणि मग, स्वतःलाही अनपेक्षित अशा करड्या आवाजात, "सदरा काढा. मामा, ब्लेड द्या. उजेडाकडे बाक सरकवा."

कापड आत होतं. सगळं, दोन्ही बोटं. तिने मनगटपट्टीचे स्वतःचे टाके एकेक करून तोडले. आपलीच चूक उसवताना हात फार चटकन चालतो. बाही ओढून खाली आणली, जुनी खूण सापडली, बाबांच्या टाक्यांची बारीक भोकं अजून रेशमात होती, कुठे लावायचं ते सांगत. प्रश्न दोऱ्याचा होता. मामाने डबी उघडली. पांढरा होता, काळा होता. पिवळा घरी रिळात. तिने कोटाची कॉलर उलटली. नाकापासून बोटापर्यंत, आणि वर चार बोटं. बाबांचे टाके एवढे बारीक असायचे की तसे घातले तर मनगट पुरं व्हायच्या आतच दोरा संपला असता, आणि मग बटणाला काय? तिने क्षणभर अंदाज घेतला आणि आपले टाके घातले. त्यांच्याहून अर्ध्या गव्हाएवढे लांब. एक सोडून एक भोकातून. ते तिच्या हाताला सोपे गेले, इतके सोपे की तिला वाटलं, हा हात इतके दिवस कुठे होता? जॉकी एकेक करून तिच्याभोवती जमले होते. निळ्या सदऱ्यातला एक जण बोललाच, "अरे, पळायचं त्याला आहे, आणि घाम मला फुटलाय." "तू तर ऊन पडलं तरी घामाघूम होतोस," दुसरा म्हणाला. टाचणी उघड्या अंगाने उभा होता, डावा हात उजव्या हाताने चोळत. खांद्यावरचा व्रण गुलाबी होता. शेवटची गाठ मारली तेव्हा घड्याळात सहा मिनिटं होती, आणि सुईत वीतभर दोरा शिल्लक होता.

त्यातलं बोटभर तिने तोडून टाचणीच्या दातांत दिलं. सदरा अंगात, पुढे वाकणं, हात पुढे. दोन्ही मनगटं झाकलेली. मामाने हात वर केला आणि खोली गप्प झाली. तराजूपाशी बसलेला कारकूनही लेखणी खाली ठेवून उभा राहिला. या शांततेत बाबा किती वर्षं उभे राहिले असतील, हे तिच्या मनात आलं. जगात दुसरीकडे कुठे शिंप्यासाठी वीस माणसं गप्प राहतात? तिने बटण ठेवलं. चार वेळा वर, चार वेळा खाली, बटणाच्या मानेला तीन वेढे. टाचणीच्या गळ्याची शीर तिच्या बोटाखाली उडत होती, घोड्याच्या पाठीवरून माशी उडवताना कातडी थरथरते तशी. सुई कुठे लागली नाही. उरलेला दोरा तिने दातांनी तोडला. टाचणीने आपला तुकडा तोंडातून काढून तिच्या तळहातावर ठेवला, रीतीप्रमाणे, आणि म्हणाला, "रडू आलं नाही. बहुतेक तुम्ही बरोबर टोचलं नाहीत." मामा भिंतीकडे तोंड करून नाक शिंकरत होता. मग वळून म्हणाला, "वर कुणी विचारलं तर सांगेन, बटण दर वर्षीसारखंच झालं. बाकीचं या खोलीत झालं, ते या खोलीचं."

ती कठड्यापाशी गेली, बाबांच्या जागेवर, तिसऱ्या खांबाच्या डाव्या अंगाला. ऊन लख्ख पडलं होतं. घोडे एका रांगेत निघाले आणि गर्दीतून एक उसासा उठला. एवढी माणसं एकदम उसासतात तेव्हा तो वाऱ्यासारखा लागतो. त्यांच्या माना, त्यांच्या कातडीवरची झळाळी, अंगाखालून धावणारी ती नुसती ताकद, आणि वर सदरे, तांबडे, निळे, हिरवे, चौकटींचे, ठिपक्यांचे, जणू कुणी फुलांच्या पाकळ्या त्या ताकदीवर चिकटवल्या आहेत. तिला सगळं आवडलं. अगदी सगळं. जांभळ्या टोप्यांच्या बहिणी तिच्या शेजारीच होत्या; एकीने विचारलं, "तुमचा कुठला?" ती म्हणाली, "पिवळा." "करडी घोडी होय? बेताचीच आहे म्हणतात." "घोडीचं माहीत नाही," ती म्हणाली. मनोऱ्यावरची घंटा झाली. ही घंटा दर वर्षी जुन्यातला जुना जॉकी वाजवतो. आज तो दोन माणसांच्या आधाराने उभा होता, पण टोला मात्र एकट्याचा होता. टोप्या उतरल्या. सगळं मैदान बारा आकडे मोजेपर्यंत गप्प झालं. मग सुटले. पहिल्यांदा जमीन कळली, तळपायातून. पलीकडच्या वळणावर ते नुसते ठिपके होते, मग रंग झाले, मग आवाज, आणि मग सगळे एकदम तिच्यासमोर होते आणि ती फक्त एक बाही बघत होती. टाचणीचा उजवा हात घोडीच्या मानेवरून पुढे, पुढे, जेवढा जाईल तेवढा ताणलेला होता, आणि मनगट झाकलेलं होतं. पट्टीच्या वर, दोन बोटांवर, तिच्या इस्त्रीची जुनी घडी आडव्या रेघेसारखी दिसत होती. उन्हात ती रेघ चमकली. पुसता येणार नाही अशी, पण शिवण धरून होती. ती ओरडत होती हे तिला शेजारणीने कोपर मारल्यावर कळलं.

घोडी मानेच्या अंतराने दुसरी आली. मालकीणबाई गर्दीतून वाट काढत आल्या, त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि कोटाच्या बाहीकडे, त्या दोन घड्यांकडे पाहिलं. "हा तुझ्या मापाचा करून घे," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी अंगाला बसलेला हवा." मग हात सोडत, "घोडी तीच राहील. टाचणी राहतो का बघू. त्याला भेटून माप घेशील?" ती म्हणाली, "दर महिन्याला घेईन. हात बदलतात."

घरी आली तेव्हा खिडकीत अजून ऊन होतं. आत्या मशीनपाशी बसली होती. कधी बसत नसे. "आलीस? कोण जिंकलं?" ती म्हणाली, "आपला दुसरा आला." "आणि पहिला?" तिला आठवेना, घोड्याचं नाव तिने ऐकलंच नव्हतं. "हिरवा," ती म्हणाली. "काखेत ओढत होता." आत्या तोंडावर हात ठेवून हसायला लागली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. "बूट काढ," आत्या म्हणाली. "थांब जरा," ती म्हणाली. फळीवरून पिवळं रीळ घेतलं, टोक नाकापाशी धरलं आणि दुसरा हात ताणला. तिचा हात बाबांच्या हाताएवढा लांब नव्हता. तिने वर चार बोटं मोजली, थोडा विचार केला, आणि आणखी दोन.